म्हातारपणी खुबा किती जणांचा मोडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कंबर मोडली' म्हणतात ते आणि खुब्याचं फ्रॅक्चर एकच का?

बहुधा हो. 'आजी न्हाणीत पडल्या, कंबर मोडली' असं कानावर येतं तेव्हा कमरेला सहसा काही झालेलं नसतं. मोडलेलं असतं ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. या टोकाला लिंबाएवढा गोळा असतो, त्याखाली तिरकी मान आणि मानेच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला एक उंचवटा. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो तोच हा उंचवटा. मोड मानेत असला तर एक गोष्ट, उंचवट्याच्या भागात असला तर दुसरी. मानेतला मोड सांध्याच्या पिशवीच्या आत असतो आणि गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात. हाड सरकलं की त्या तुटतात आणि गोळा मरू शकतो. उंचवट्याच्या भागात रक्तपुरवठा भरपूर असतो. तिथलं हाड जुळून येतं, पण रक्तस्राव जास्त होतो. पुढे 'बॉल बदलायचा की रॉड टाकायचा' हा जो प्रश्न येतो तो इथूनच सुरू होतो.

हे नेमकं किती वेळा होतं? भारतातला आकडा आहे का?

संपूर्ण देशाची खुबा-फ्रॅक्चरची नोंदवही आपल्याकडे नाही. जन्म-मृत्यूची नोंद होते, तशी याची होत नाही. लोकसंख्येच्या आधारावर मोजलेला जो आकडा नेहमी दिला जातो, तो हरियाणातल्या रोहतक जिल्ह्याचा. २००९ साली तिथे पन्नाशीपुढच्या दर एक लाख माणसांमागे वर्षाला १२९ खुबे मोडल्याचं दिसलं. बायकांत १५९, पुरुषांत १०५.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे हा 'पन्नाशीपुढच्या लाखामागे' आहे, सगळ्या लोकसंख्येच्या लाखामागे नाही. बातम्यांमध्ये हे दोन हमखास एकमेकांत मिसळतात. दुसरं, अशी मोजणी दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांची होते. जी म्हातारी माणसं घरीच खाटेला खिळली, हाडवैद्याकडे गेली किंवा 'आता वय झालं' म्हणून ज्यांना कुठे नेलंच नाही, ती त्यात येत नाहीत. खरा आकडा यापेक्षा वरचाच धरायला हवा.

आमच्या तालुक्यात वर्षाला किती होत असतील?

ढोबळ हिशोब करता येतो. समजा तालुक्याची वस्ती ३ लाख आणि त्यात पन्नाशीपुढचे ६० हजार. रोहतकचा दर लावला तर ६०,००० × १२९ ÷ १,००,००० = साधारण ७७. म्हणजे दर चार-पाच दिवसांनी एक. तालुक्यात तरुण मंडळी पुण्या-मुंबईला गेलेली असतील आणि मागे म्हातारेच उरले असतील, तर आकडा वाढतो. कोकणातल्या कितीतरी गावांची गत हीच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के. तेव्हापासून हे प्रमाण वाढतच आहे.

परदेशात हे जास्त होतं असं ऐकतो. खरं का?

दर पाहिला तर खरं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क हे देश जगात सगळ्यात वर आहेत. अमेरिकेत पासष्टीपुढचे तीन लाखांवर लोक दरवर्षी खुबा मोडून दवाखान्यात दाखल होतात. ब्रिटनमध्ये २००७ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिच्यात वर्षाला ७० हजारांच्या आसपास नोंदी होतात.

दर आणि संख्या मात्र वेगळ्या चालीने चालतात. पाश्चात्त्य देशांत एकाच वयोगटातली तुलना केली तर १९९० च्या दशकापासून दर बऱ्याच ठिकाणी उतरला, तरी म्हाताऱ्यांची संख्या वाढल्यामुळे एकूण खुबे कमी झाले नाहीत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि अजूनही उद्धृत होणाऱ्या अंदाजानुसार १९९० साली जगात १६.६ लाख खुबे मोडले, आणि २०५० पर्यंत हा आकडा ६२.६ लाखांवर जाईल. त्यातला मोठा वाटा आशियाचा असेल, कारण म्हातारी होणारी लोकसंख्या आता इथे आहे.

वयाप्रमाणे शक्यता कशी वाढते? बायकांनाच जास्त का?

पन्नाशीनंतर दर पाच-सहा वर्षांनी ही शक्यता साधारण दुप्पट होते. पंचावन्नाव्या वर्षी जी गोष्ट क्वचित घडते, ती पंच्याऐंशीत घरोघरी ऐकू येते.

पाळी गेली की हाड जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि पहिली काही वर्षं हाड झपाट्याने झिजतं. त्यात बायका जास्त जगतात. पाश्चात्त्य देशांत चारांतले तीन रुग्ण बायका असतात. अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांसाठी पन्नाशीनंतरच्या उरलेल्या आयुष्यात खुबा मोडण्याची शक्यता १७.५ टक्के काढली होती, पुरुषांसाठी ६ टक्के. रोहतकचे आकडे पाहिले तर आपल्याकडे हे अंतर बरंच कमी आहे. तेव्हा 'हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार' असं समजून घरातल्या आजोबांकडे दुर्लक्ष करू नये. खुबा मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे.

पाळी वेळेआधी गेलेल्या बायकांचं गणित आणखी लवकर सुरू होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर त्या दिवसापासूनच हाडाची झीज सुरू होते. अशा बाईने हाडाची तपासणी साठीपर्यंत लांबवू नये. आणि ऑपरेशनच्या कागदावर नेमकं काय काढलं ते लिहिलेलं असतं, तो कागद शोधून ठेवावा.

हाड आपोआप मोडतं आणि मग माणूस पडतो, असंही म्हणतात.

असं क्वचित होतं. कॅन्सर हाडात उतरला असेल किंवा काही औषधं वर्षानुवर्षं घेतली असतील तर. बाकी ९५ टक्क्यांहून जास्त खुबे पडल्यामुळेच मोडतात आणि तेही बहुतेक कुशीवर पडल्यामुळे. तरुण माणूस पडताना हात पुढे टाकतो. म्हाताऱ्या माणसाची चाल मंद असते, तो पुढे न जाता जागच्या जागी बाजूला कोसळतो आणि सगळा भार त्या उंचवट्यावर येतो. अंगावर मांस कमी असेल तर धक्का झेलायला मधे काहीच नसतं. किडकिडीत आजींची काळजी जास्त करावी ती यासाठी.

पासष्टीपुढच्या दर तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. या पडण्यांपैकी शंभरात एक-दोनच खुब्यावर येतात. बाकीच्यांना फक्त मुका मार लागतो, म्हणून पडणं कुणी मनावर घेत नाही. पण वर्षात दोनदा पडलेल्या माणसाला 'जरा बघून चाला' एवढं सांगून सोडू नये. त्याची तपासणी करायला हवी.

आधी काही सूचना मिळते का?

मिळते, आणि ती बहुतेक घरांत वाया जाते. ठिसूळ हाडं अनेकदा एका क्रमाने मोडतात. पन्नाशी-साठीत मनगट, पासष्टी-सत्तरीत पाठीचा मणका, पंचाहत्तरीनंतर खुबा. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर घातलं, निघालं, गोष्ट संपली असं वाटतं. वास्तविक उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं हीच हाड ठिसूळ झाल्याची पावती आहे. मणक्याचं तर समजतही नाही. पाठ आठ-पंधरा दिवस दुखते, 'वात आहे' म्हणून तेल लावलं जातं आणि मग कुणीतरी म्हणतं, आई बुटकी झाली. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घटली असेल तर पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रे मागून घ्या.

डेक्सा तपासणी कोणी करावी? शिबिरात टाचेवर मशीन लावतात, ती चालेल का?

डेक्सा म्हणजे हाडाची घनता मोजणारा एक्स-रे. स्त्रियांनी ६५ नंतर आणि पुरुषांनी ७० नंतर एकदा करावी. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, तीन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा किरकोळ पडण्यातून हाड मोडलं असेल, तर आधीच करावी. खुबा आणि कंबर अशा दोन जागा मोजतात. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी हाडाशी केलेली तुलना. तो उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. उणे २.६ पेक्षा उणे ३.२ वाईट, हे उलटं गणित वाचताना बऱ्याच जणांची गल्लत होते.

शिबिरातलं टाचेचं मशीन अल्ट्रासाऊंडवर चालतं. ते फार तर 'डेक्सा करून घ्या' एवढं सांगू शकतं. त्या चिठ्ठीवर आजार ठरवू नये आणि औषध तर मुळीच सुरू करू नये. खुबा किंवा मणका मोडलेला असेल तर उपचार सुरू करायला डेक्साचीही वाट पाहायची नसते.

पडल्यावर खुबा मोडला हे कसं ओळखायचं?

माणसाला उताणं झोपवून दोन्ही पाय पाहा. मोडलेला पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं असतं. गुडघा सरळ ठेवून टाच उचलता येत नाही. दुखणं जांघेत असतं. 'कमरेत दुखतंय' म्हणणाऱ्याला एका बोटाने जागा दाखवायला सांगितलं की बोट बऱ्याचदा जांघेत जातं. गुडघ्यातही कळ येते. तेवढ्यावरून फक्त गुडघ्याचा एक्स-रे काढून घरी पाठवल्याची उदाहरणं होतात.

मग काय करायचं:

- ओढून उभं करू नका, पाय सरळ करायला जाऊ नका. चोळणं, शेकणं, लेप यातलं काहीही नको.
- दोन पायांमध्ये उशी ठेवा आणि जाड चादरीने पाय सैलसर बांधा.
- १०८ ला फोन करा. रिक्षात बसवून नेणं टाळा, कारण बसवताना खुबा वाकतो आणि मोड सरकतो.
- डोक्याला लागलंय का आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे दवाखान्यात पोहोचताच सांगा. औषधांची पिशवी जशीच्या तशी बरोबर घ्या.
- किती वाजता पडले आणि फरशीवर किती वेळ पडून होते, हे लिहून ठेवा. रात्रभर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू दबून मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टर त्यावरून वेगळ्या तपासण्या करतात.

एक्स-रे नॉर्मल आला, पण पाय टेकवत नाही.

तर एक्स-रेवर विसंबू नका. मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसली की पहिल्या चित्रात रेघ दिसतेच असं नाही, आणि माणूस लंगडत चालूही शकतो. अशा वेळी एमआरआय काढतात, ती सोय नसेल तर सीटी स्कॅन. 'मुका मार आहे, चार दिवसांनी बघू' यातल्या चार दिवसांत रुतलेला मोड सरकतो आणि तीन स्क्रूंत भागलं असतं तिथे गोळा बदलायची वेळ येते.

वय ८५ आहे. ऑपरेशन झेपेल का? न केलेलं बरं नाही का?

घरात सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो. ऑपरेशनचा धोका डोळ्यांसमोर असतो, न करण्याचा दिसत नाही. न केलं तर सहा ते बारा आठवडे अंथरूण. त्यात पाठीला जखमा, छातीत कफ, लघवीचा संसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि प्रत्येक वेळी कूस बदलताना जीवघेणी कळ. म्हणून वय हे ऑपरेशन नाकारण्याचं कारण धरत नाहीत. माणूस आधीपासूनच खाटेवर असेल, शेवटचे दिवस मोजत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही दुखणं कमी करण्यासाठी जांघेतल्या नसांचं भूल देणारं इंजेक्शन जरूर मागावं.

उशीरही महागात पडतो. ब्रिटनमध्ये ३६ तासांच्या आत हे लक्ष्य आहे. इतरत्र २४ ते ४८ तास म्हणतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७ देशांतले सुमारे तीन हजार रुग्ण होते, भारतातलेही. सहा तासांत ऑपरेशन केल्याने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, पण भ्रम होण्याचं प्रमाण कमी झालं आणि माणूस लवकर उभा राहिला.

आपल्याकडे दिवस जातात ते 'फिटनेस'मध्ये. प्रत्येकाचा टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी), मग हृदयाच्या डॉक्टरांची तारीख, मग रक्त पातळ करणारी गोळी बंद करून पाच-सात दिवस थांबणं. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू आहे एवढ्यावरून थांबायचं नसतं. वॉरफेरिनसारख्या गोळीचा परिणाम औषधाने उतरवता येतो. हिमोग्लोबिन, सोडियम, साखर, छातीतला संसर्ग हे एका दिवसात सावरण्यासारखं असतं. डॉक्टरांना सरळ विचारा: 'कशासाठी थांबलोय आणि ते कधीपर्यंत होईल?'

भुलेबद्दल: कमरेतून द्यावी की पूर्ण, यावर २०२१ साली सोळाशे रुग्णांची चाचणी झाली. साठ दिवसांनंतर मृत्यू किंवा चालता न येणं यात फरक निघाला नाही. ते भूलतज्ज्ञांवर सोडा.

स्क्रू, रॉड, बायपोलर, पूर्ण सांधा: कुणाला काय?

मानेतला मोड न सरकलेला असेल तर स्क्रू. सरकलेला आणि वय जास्त असेल तर गोळा काढून धातूचा बसवतात, त्यालाच आपल्याकडे बायपोलर म्हणतात. खूप ठिसूळ हाडात तो सिमेंट घालून बसवणं बरं, कारण सिमेंटशिवाय ठोकून बसवताना हाड पुन्हा चिरू शकतं. आधी हिंडता-फिरता असलेल्या, बुद्धी शाबूत असलेल्या माणसाला पूर्ण सांधा देतात. पण २०१९ च्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दोन्हींत सारखंच निघालं. त्यामुळे महाग तेच चांगलं असं समजू नका. उंचवट्याच्या भागातला मोड असेल तर हाडाच्या पोकळीतून रॉड किंवा बाजूने प्लेट.

किती जण यातून उठत नाहीत?

वर्षभरात साधारण २० ते ३० टक्के दगावतात. त्यांतले सगळे खुब्यामुळे जात नाहीत. बरेच जण आधीच अशक्त असतात, खुबा त्यावरचा शेवटचा घाव ठरतो. वाचलेल्यांपैकी जवळपास निम्मेच पूर्वीसारखे चालू लागतात. व्यवस्था सुधारली की हे बदलतं. ब्रिटनमध्ये नोंदवही सुरू झाली तेव्हा तीस दिवसांतले मृत्यू सुमारे ११ टक्के होते, ते कोविडच्या आधी साडेसहाच्या आसपास आले. नवं यंत्र आलं म्हणून हे घडलं नाही. वेळेवर ऑपरेशन, वृद्धांच्या आजाराचा डॉक्टर सोबत, आणि दुसऱ्या दिवशी उभं करणं यातून घडलं.

ऑपरेशननंतर कधी उभं करायचं? वॉकर कसा लावायचा?

दुसऱ्याच दिवशी, सर्जनने खास मनाई केली नसेल तर. वॉकरची उंची अशी हवी की हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीला लागेल. उंच वॉकरने खांदे दुखतात, बुटक्याने माणूस वाकून पुढे पडतो. क्रम: वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

पहिल्या चार-पाच दिवसांत माणूस असंबद्ध बोलू लागला, रात्री नळ्या ओढू लागला तर 'डोकं फिरलं' म्हणून बांधून ठेवू नका. हा भ्रम बहुतेकांत उतरतो. चष्मा, कानातलं यंत्र, कवळी परत द्या, ओळखीचं माणूस शेजारी बसवा, लघवीची नळी लवकर काढायला सांगा, पोट साफ होतंय का ते पाहा.

मांडी घालून बसता येईल का? इंडियन संडास?

गोळा किंवा सांधा बदलला असेल तर पहिले तीन महिने मांडी, उकिडवं, पाटावर बसणं, पायावर पाय टाकणं, वाकून चप्पल उचलणं बंद. खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडला आणि आत वळला की गोळा खोबणीतून निसटतो. पुढेही बरेच सर्जन उकिडवं बसू देत नाहीत. रॉड टाकला असेल तर निसटायचा प्रश्न नाही, हाड जुळेपर्यंत दुखण्याच्या अंदाजाने घ्यायचं. म्हणून दवाखान्यातून घरी आणायच्या आधी कमोडची सोय झालेली हवी. कमोडची खुर्ची घेणार असाल तर चारही पायांना रबर आहे का ते बघा, आणि बैठक ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असू द्या.

एकदा मोडला. दुसराही मोडू शकतो का?

हो, आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हाड बसवलं, टाके काढले, पण ठिसूळपणाचं औषध सुरूच केलं नाही. ते हाडाच्या डॉक्टरला फिजिशियनचं काम वाटतं, फिजिशियनला हाडवाल्याचं. घरच्यांनीच विचारायला हवं.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम शिरेतून वर्षातून एकदा देतात. २००७ च्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत ते दिल्यावर नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. ऑपरेशननंतर दोन आठवडे थांबून, 'डी' जीवनसत्त्व भरून मगच देतात. मूत्रपिंड फार कमकुवत असेल तर नाही. दुसऱ्या दिवशी ताप, अंगदुखी येते, ती दोन-तीन दिवसांत जाते.

अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्याला एक असते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, घेऊन झोपलं तर अन्ननलिका भाजते. डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. याची तारीख चुकवू नका आणि परस्पर बंद करू नका. परिणाम उतरताच मणके एकामागून एक मोडू शकतात. दात काढायचे असतील तर ते ही औषधं सुरू करण्याआधी उरका. वर्षानुवर्षं औषध चालू असताना मांडीत मधोमध दुखू लागलं तर डॉक्टरांना सांगा.

'डी'च्या पुड्या कशा घ्यायच्या?

६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, मग महिन्याला एक, अशी नेहमीची पद्धत आहे. दुधातून किंवा जेवणानंतर घ्यावी. रोज एक घेणारे लोक भेटतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण येतं आणि मूत्रपिंड बिघडतं. 'वर्षाचं एकदम' हाही शॉर्टकट नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षाला एकदम ५ लाख युनिट देऊन पाहिले, तर पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढली.

आहारात काय?

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६०, पेलाभर दुधात २४० च्या आसपास. तीळ भरपूर देतात, पण मोठ्या चमचाभरात १०० च्या थोडं मागेपुढेच. दोन पेले दूध-ताक, एक नाचणीची भाकरी, पालेभाजी, तिळाची चटणी एवढ्यात बराच पल्ला गाठला जातो. उरलेलं गोळीने.

प्रथिनांकडे मात्र कुणी बघत नाही. ५० किलोच्या आजींना दिवसाला ५० ते ६० ग्रॅम हवीत. वाटीभर वरणात सहा-सात, अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. 'मऊ भात आणि पातळ वरण' हे आजारी माणसाचं ठरलेलं जेवण स्नायू भरून काढत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

घरात आधी काय बदलायचं?

पलंगापासून संडासापर्यंतची रात्रीची वाट. पैसे थोडेच असतील तर ते तिथेच घाला. पायाशी जळणारा रात्रीचा दिवा, वाटेतलं पायपुसणं काढणं, उंबरठ्याच्या कडेला रंगाचा पट्टा. मोरीची फरशी बाहेरच्यापेक्षा इंच-दोन इंच खाली असते आणि रात्री ती पायरी दिसत नाही.

संडासाशेजारी आणि न्हाणीत स्टीलचा पकडबार, जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर, भिंतीत ड्रिल मारून. टॉवेलचा दांडा म्हणजे पकडबार नव्हे, तो भार पडताच भिंतीतून निघतो. रबरी चोषकाचे बारही फरशीवरून सुटतात. आंघोळीला हलकं प्लास्टिकचं स्टूल नको, रबराचे पाय असलेली पाठीची खुर्ची. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं हवं, नाहीतर पडलेला माणूसच दार अडवतो. आतली कडी काढून टाका.

पावसाळ्यात कोकणात अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दर आठवड्याला घासायचं. झिजलेली स्लीपर फेकून द्या.

औषधांमुळेही पडतात का?

फार. झोपेच्या गोळ्या, त्यातही अल्प्राझोलाम, ही पहिली संशयित. मग बीपीच्या, प्रोस्टेटच्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, आणि साखर एकदम खाली आणणारी औषधं. घरी एक तपासणी करता येते: पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी एकदम बंद करू नका, ती हळूहळू कमी करायची असते. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून, पावलं दहा वेळा हलवून मग उभं राहायचं.

पडायचा धोका घरी कसा तपासायचा?

खुर्चीतून उठायचं, ३ मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. उठताना हातांचा रेटा लागतो का तेही बघा. उपाय म्हणून रोज खुर्चीतून दहा वेळा उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. दुहेरी भिंगाचा चष्मा घालून जिना उतरताना पायरी धूसर दिसते, तिथे लांबचा साधा चष्मा वापरा.

खर्चाचं काय? कुठली कागदपत्रं जपायची?

सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, आधारवर वयाची खात्री होते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला गाठा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, बिल भरून मागाहून धावपळ केली तर अवघड जातं. कार्ड पडल्यावर काढायला जाऊ नका, आत्ताच काढून ठेवा.

डिस्चार्जच्या वेळी शरीरात बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावलेलं आहे ना ते पाहा. त्यावर कंपनी, माप आणि बॅच असते. पुढे काही बिघडलं तर दुसऱ्या सर्जनला पहिला प्रश्न तोच पडतो. त्याच फाइलच्या आतल्या पानावर पुढच्या इंजेक्शनची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, आणि तीच घरच्या कॅलेंडरवरही.